एवढासा दिवा, केवढा खटाटोप!

व्हॉट्सअ‍ॅपला हिरवा, मिस्ड कॉलला लाल, मेलला निळा. घरातल्या कोणाचा तरी जुना अँड्रॉइड फोन आठवून बघा. स्क्रीनच्या वर एक टिकलीएवढा एलईडी लुकलुकायचा आणि फोन हातात न घेताच कळायचं, कोणाला तरी आपली आठवण झालीय. नव्या फोनमधून तो जवळपास गायबच झालाय. त्याची नक्कल करणारी अ‍ॅप्स मात्र प्ले स्टोअरवर आहेत. त्यांचे रिव्ह्यू वाचा. ‘साधा लाइट लावता येत नाही?’ आणि एक स्टार!

साधा? मेसेज आलाय हे त्या अ‍ॅपला कळणार कसं? अँड्रॉइडमध्ये एका अ‍ॅपला दुसऱ्याच्या घरात असं डोकावता येत नाही. इतरांची नोटिफिकेशन्स वाचण्याचा अधिकृत रस्ता खुला झाला तो २०१३ मध्ये, अँड्रॉइड ४.३ पासून. त्याआधी डेव्हलपर मंडळी दिव्यांग यूजर्ससाठी असलेल्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेवेतून काम भागवायची. रंगाचंही तेच. अ‍ॅपने जांभळा मागावा आणि फोनमध्ये एकाच रंगाचा एलईडी असावा! गुगलची कागदपत्रंही एवढंच म्हणतात, की हार्डवेअर त्याला जमेल तितका जवळचा रंग देईल. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ आलं आणि दिवा नोटिफिकेशन चॅनेलच्या ताब्यात गेला. चॅनेल एकदा तयार झालं की रंग बदलायचा हक्क अ‍ॅपला नाही.

आता एलईडीच नाही म्हटल्यावर स्क्रीनवरच ठिपका काढायचा. ओएलईडी स्क्रीनवर काळे पिक्सेल बंद असतात, त्यामुळे हे परवडतं. पण ठिपका तासन्‌तास एकाच जागी राहिला तर तिथे डाग पडू शकतो, म्हणून तो सतत थोडा सरकवत राहायचा. त्यात २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून पडून असलेला फोन अ‍ॅप्सना झोपवतो. वर कंपन्यांचे स्वतःचे बॅटरी सेव्हर आहेतच, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. रात्री अ‍ॅप मारलं फोनने, सकाळी शिव्या खातो डेव्हलपर. त्या बिचाऱ्याकडे तुमचं मॉडेल असेलच असं नाही.

म्हणून लगेच पाच स्टार द्या असं नाही हं. या अ‍ॅपला परवानगी देता म्हणजे तुमची सगळी नोटिफिकेशन्स वाचू देता, बँकेची, मित्रांची, ‘त्या’ व्यक्तीचीसुद्धा. अँड्रॉइड १५ अशा अ‍ॅप्सपासून ओटीपी लपवतं, पण जुन्या फोनवर ती सोय नाही. प्ले स्टोअरवर अ‍ॅपच्या परवानग्यांची यादी दिसते. दिवा लावणाऱ्याला इंटरनेट कशाला हवंय, हे विचारा. उत्तर पटलं नाही तर मी तरी इन्स्टॉल करणार नाही.

कम्प्युटरवाल्यांनो, फायनल इयरला पुन्हा तीच ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम’ सबमिट करणार असाल, तर त्याऐवजी हा दिवा घ्या. वर्गातल्या पाच कंपन्यांचे पाच फोन गोळा करा, अ‍ॅप टाका आणि रात्रभर तसेच ठेवा. सकाळी किती ठिपके जिवंत आहेत ते मोजा. उरलेले का विझले हे शोधताना सेमिस्टर कमी पडेल. व्हायव्हात बोलायला मात्र काही कमी पडणार नाही.