वेष्टनावरील शिक्का व पोटांतील यंत्र

वस्तु विकत घेतांना तिच्या वेष्टनावर जें छापलेलें असेल त्यावर विश्वास ठेवावा, हा साध्या माणसाचा स्वभाव आहे. तो दोष आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. दोष असलाच तर छापणाराचा आहे. आज ज्या यंत्राविषयीं आम्ही लिहिण्याचें योजिलें आहे तें डीव्हीडी प्लेअर नांवाचें यंत्र आतां पुष्कळ घरीं माळ्यावर जाऊन बसलें आहे. तथापि कांहीं घरांतून, विशेषतः वडील मंडळी जेथें एकटीं राहतात तेथें, तें अद्यापि टेलिव्हिजनखालीं आपली जागा राखून आहे. त्याच्या वेष्टनावरील एका शब्दानें आम्हांस कसें फसविलें, तें प्रथम सांगतों.

सन २००७ मध्यें आमच्या वडिलांचें सहस्रचंद्रदर्शन गांवच्या घरीं झालें. पुण्यास शिकत असलेल्या आमच्या भाच्यानें त्या सोहळ्याचें दोन तासांचें चित्रण केलें. कॅमेऱ्याच्या फितीवरील एका तासाचें चित्रण संगणकांत उतरविलें म्हणजे सुमारें १३ गिगाबाइट जागा व्यापितें. भाच्यापाशीं डीव्हीडी लिहिण्याचें साधन नव्हतें. म्हणून त्यानें तें सारें दाबून ७०० मेगाबाइटच्या एका साध्या सीडीवर बसविलें, आणि ती टपालानें गांवीं पाठविली. फीत मात्र त्यानें पुढें कॉलेजच्या संमेलनासाठीं पुन्हां वापरली. गांवच्या घरांतील प्लेअरच्या खोक्यावर ‘एम्पेग-४ चालतें’ असें ठळक अक्षरांत छापलेलें होतें, तेव्हां शंकेस जागाच नव्हती.

वडील त्याच वर्षीं आश्विनांत गेले. दिवाळीनंतर एके दिवशीं मातोश्रींनीं ती सीडी लावावयास सांगितली. आवाज स्वच्छ होता. माणसें स्वस्थ बसलेलीं असत तोंवर चित्रहि स्वच्छ होतें. परंतु कॅमेरा एका बाजूकडून दुसरीकडे वळूं लागला कीं सर्वांचे चेहरे मेणासारखे ओघळत. औक्षणाच्या वेळीं तर निरांजन, ताम्हन आणि वडिलांचें मुख हीं सारीं एकांत एक मिसळलीं. मातोश्री म्हणाल्या, “अरे, ह्यांचा चेहरा असा कां होतो आहे?” आम्हांपाशीं उत्तर नव्हतें.

उत्तर पुढें भाच्यानेंच शोधून काढिलें. तें थोडें विस्तारानें सांगण्यासारखें आहे.

डीव्हीडीची पद्धति १९९६ सालीं जपानांत प्रथम बाजारांत आली. तिचे नियम रेखीव होते. चित्राची भाषा मुख्यतः एम्पेग-२, आपल्याकडील पद्धतीच्या चित्राचें माप ७२० गुणिले ५७६ बिंदु, आणि सेकंदास २५ चित्रें. यामुळें प्रदेशांकांचा अडसर सोडल्यास कोणतीहि नियमानुसार केलेली तबकडी कोणत्याहि यंत्रावर चालावी अशी सोय झाली. १९९९ सालीं एम्पेग-४ हें नवें प्रमाण प्रसिद्ध झालें. तें पहिल्यासारखें एका खोलीचें घर नव्हे. तो मोठा वाडा आहे, आणि त्यांतील किती दालनें उघडावयाचीं हें यंत्र करणाराच्या मर्जीवर राहिलें.

दाबण्याची युक्ति थोडक्यांत अशी: लागोपाठच्या दोन चित्रांत बहुतेक भाग सारखाच असतो, म्हणून दुसरें चित्र समग्र न लिहितां पहिल्यांतील कोणता तुकडा किती सरकला एवढेंच लिहावें. हें सरकणें एका बिंदूच्या अर्ध्या अंशापर्यंत मोजण्याची रीत पूर्वींपासून होती. एम्पेग-४ च्या वरच्या पायरीवर तें पाव अंशापर्यंत मोजण्याची, आणि कॅमेराच वळला असतां सगळ्या चित्राची हालचाल एकदांच सांगून टाकण्याची सवलत मिळाली. ‘डिव्हएक्स’ व ‘एक्सव्हिड’ या दोन प्रसिद्ध संगणकीय साधनांनीं ही सवलत घेतली. पण एकानें ती सामुदायिक हालचाल एका बिंदूच्या आधारें सांगितली, दुसऱ्यानें तीन बिंदूंच्या. संगणकांत नवा उलगडक बसविणें हें घटकाभराचें काम आहे. स्वतंत्र प्लेअरच्या पोटांतील चकती मात्र कारखान्यांतून जेवढें शिकून येते तेवढेंच तिला जन्मभर येतें. आमच्या यंत्रास तीन बिंदूंचा हिशेब ठाऊक नव्हता, आणि भाच्यानें तर एक्सव्हिडमधील प्रत्येक सवलतीपुढें खूण केली होती! कॅमेरा वळतांच चेहरे कां ओघळत, याचें कारण हें.

याहून क्षुल्लक कारणांवरूनहि हीं यंत्रें रुसत. फाइलीच्या आरंभीं चार अक्षरांचें एक नांव असतें. कांहीं यंत्रें आंतील माल समजत असूनहि केवळ तें नांव अनोळखी म्हणून पाठ फिरवीत. नांव बदलावें कीं त्याच फाइली बिनतक्रार चालत. पंगतींत आडनांव सांगून बसण्याचाच हा प्रकार! मराठी बोल देवनागरींत चित्राखालीं दाखवावे म्हटलें, तर बहुतेक यंत्रांच्या पोटांत देवनागरी अक्षरें भरलेलींच नसत. तो एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आतां दोष कोणाचा? आमच्या मतें मोठा वांटा वेष्टनाचा आहे. ‘एम्पेग-४ चालतें’ हें वाक्य खोटें नाहीं, आणि म्हणूनच तें अधिक घातक आहे. वाड्याचें एक दालन उघडें असतां सबंध वाडा उघडा असल्याचा भास तें करून देतें. याउलट डिव्हएक्स कंपनीनें यंत्रांस जो प्रमाणित शिक्का देण्याची चाल पाडली, तिच्यांत घरगुती यंत्रांसाठीं मर्यादा आंखून दिल्या होत्या: चित्राचें माप किती, कोणत्या सवलती वर्ज्य, इत्यादि. कंपनीचा त्यांत व्यापार होता हें उघड आहे. तरी त्या शिक्क्यास निश्चित अर्थ होता. जें चालत नाहीं तेंहि वेष्टनावर छापावें, अशी आमची मागणी आहे. औषधाच्या बाटलीवर आपण तेवढें मागतों.

परंतु भाच्यासहि आम्ही सर्वस्वी निर्दोष म्हणत नाहीं. कोणी म्हणेल कीं जागा वांचविणें हाच दाबण्याचा हेतु, मग सवलत असून ती कां घेऊं नये? या दोन सवलतींनीं होणारी बचत बहुधा अल्प असते, आणि तेवढ्यासाठीं पाहणाराच्या यंत्राचा विचार सुटतो. पत्र लिहिणाऱ्यानें वाचणाराची दृष्टि ओळखून अक्षर काढावें. शिवाय मूळ फीत पुसणें ही चूक यंत्राची नव्हे, आमच्याच घरची. आमच्या विद्यार्थी वाचकांपैकीं जे आज मोबाइलवर चित्रण करून तें पेन ड्राइव्हनें आजीच्या जुन्या प्लेअरला जोडूं पाहतात, त्यांस हाच अनुभव येईल. मोबाइलचीं चित्रणें बहुधा एच-२६४ वा त्यापुढील एच-२६५ या पद्धतींनीं दाबलेलीं असतात, आणि त्या काळच्या साध्या प्लेअरांस त्यांचा गंधहि नसतो.

पुढें भाच्यानें ती सीडी संगणकावर उलगडली, आणि एका स्नेह्याच्या साधनावर एम्पेग-२ ची साधी डीव्हीडी करून आणिली. चेहरे जागच्या जागीं राहिले. फीत उरली नसल्यामुळें एकदां दाबलेलेंच पुन्हां दाबावें लागलें होतें. निरांजनाच्या ज्योतीभोवतीं बारीक चौकटी दिसत, त्या गेल्या नाहींत. मातोश्रींनीं औक्षणाचा भाग दोनदां लावावयास सांगितला. भाच्यानें तबकडीवर शाईनें तारीख घातली, आणि तिच्याखालीं लिहिलें: ‘गांवच्या यंत्रावर लावून पाहिली आहे.’