व्हिडिओला कान नसतात

अजिंठ्याच्या गाइडांना जपानी शिकवायला शिक्षक कशाला, असं पर्यटनातल्या एका जाणत्या माणसाने परवा ठासून सांगितलं. व्हिडिओ द्या, चाचणी घ्या, प्रमाणपत्र छापा. अडलंच तर भाषांतराचं अ‍ॅप आहे. माझा संताप अजून उतरलेला नाही.

आधी अ‍ॅपचं. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीपुढे उभं राहून ‘हाच बोधिसत्त्व तुमच्याकडचा कान्नोन’ असं सांगायचं, तर ते नातं गाइडच्या डोक्यात असावं लागतं. पाहुण्याने भिंतीकडे बघायचं की फोनकडे?

आता व्हिडिओ. जपानीत ‘ओजिसान’ म्हणजे काका आणि ‘ओजीसान’ म्हणजे आजोबा. फरक एका दीर्घ ईचा. आपण ह्रस्व-दीर्घ पाळतो ते लिहिताना. बोलताना ‘दिन’ आणि ‘दीन’ सारखेच. त्यामुळे आपण चुकतोय हे गाइडला कळतच नाही, त्याचा कान तो फरक टिपत नाही. व्हिडिओ शंभरदा लावा, त्याला गाइडचं बोलणं ऐकूच येत नाही. पन्नाशीच्या पाहुण्याला दिवसभर आजोबा म्हटलं, तर तो बहुधा सभ्यपणे गप्प राहील आणि चूक पक्की होईल. शिक्षक समोर असला की टाळ्या वाजवून मात्रा मोजायला लावतो: ओ-जि-सा-न, चार, ओ-जि-इ-सा-न, पाच. मात्रावृत्तं म्हणणाऱ्या भाषेतल्या माणसाला हे तासाभरात साधतं, पण कुणीतरी ऐकणारं हवं.

प्रमाणपत्राचं म्हणाल, तर जेएलपीटी या जपानीच्या मान्यवर परीक्षेतही बोलण्याची चाचणी नाही. गाइडचं पोट तर बोलण्यावर.

‘इंग्रजी आलं की पुरे’ म्हणणारेही जुनेच. इंग्रजी न येणारा जपानी पाहुणा त्यांनी पाहिलेलाच नसतो.

फोनशी माझं वैर नाही. हिरागानाची 46 अक्षरं, आकडे, नेहमीची वाक्यं फोनवरच शिकावीत, लेण्यांजवळच्या फर्दापूरच्या बसथांब्यावर बसून. पण बोलण्यासाठी वर्ग हवाच. सोमवारी अजिंठा बंद असतो. तो वार वर्गाचा ठेवा, म्हणजे कुणाची कमाई बुडत नाही. शेवटचे काही तास मात्र लेणी उघडी असतील त्या दिवशी सव्विसाव्या लेण्यात घ्यावेत. महापरिनिर्वाणाची ती सुमारे 7 मीटर लांबीची मूर्ती, खाली शोक करणारे शिष्य. तिथे शिक्षकाने पाहुणा होऊन प्रश्न विचारावेत आणि गाइडने ‘नेहान’, म्हणजे निर्वाण, या शब्दापासून सांगायला लागावं. अडखळला, तर पुन्हा पहिल्यापासून.