सूत्रधाराचें बीज आणि बिंदु

कादंबरीकाराचें एक मोठें सुख असें कीं, त्याचीं पात्रें त्याला उलट उत्तर देत नाहींत. तो धाडील तिकडे नायक जातो आणि तो म्हणेल त्या पानावर देह ठेवतो. परंतु ज्या कथेंतील प्रत्येक प्रमुख पात्र म्हणजे समोर बसलेला हाडामांसाचा मनुष्य आहे, ती वर्ष-दोन वर्षें पुरेल अशी योजावी कशी? भूमिकाखेळांचा नाद असलेल्या तरुण मंडळींपुढें हा प्रश्न नित्य उभा राहतो.

आमच्या घरीं चुलत व मावस भावंडांचा असा एक मेळा दर रविवारीं जमत असतो. चार रविवार लोटले आणि धाकट्या दोघांनीं येणें सोडलें. कारण विचारतां उत्तर मिळालें, ‘‘दादानें सगळें आधींच ठरविलेलें असतें. आम्ही कांहींही केलें तरी व्हायचें तेंच होतें.’’ हें गाऱ्हाणें कोणास क्षुल्लक वाटेल. पण एका पंक्तीस जेवणारीं भावंडें एका खेळास बसेनाशीं होतात, तेव्हां वडील माणसांनीं त्यांत लक्ष घालावें हें बरें.

प्रथम खेळाचें स्वरूप पाहूं. चार-सहा जण एकत्र बसतात. एक जण सूत्रधार होतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळणारे आपण काय करूं तें सांगतात आणि संशय असेल तेथें फांसे निर्णय देतात. या प्रकारचा पहिला प्रसिद्ध खेळ, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, 1974 सालीं अमेरिकेंत निघाला. तीनच वर्षांनीं, 1977 सालीं, मार्क मिलर यांनीं ‘ट्रॅव्हलर’ हा अंतराळप्रवासाचा खेळ रचला. दीर्घ कथा योजूं इच्छिणाऱ्यानें त्याचे नियम अवश्य अभ्यासावे.

या खेळांतील नायक बहुधा आपली नोकरी आटोपून मगच कथेंत पदार्पण करतो. सैन्यांत किंवा व्यापारी जहाजांवर त्याचीं कित्येक वर्षें गेलेलीं असतात; नोकरी पुरेशी लांबली तर निवृत्तिवेतनही मिळतें. पेन्शनीनंतर आयुष्याचा खरा आरंभ होतो हें तत्त्व प्रस्तुत लेखकास तरी फार पटलें! पण मुख्य मुद्दा असा कीं, नायकाबरोबर त्याचा भूतकाळही कथेंत येतो. जुना अधिकारी, सुटलेलें बंदर, तुटलेला स्नेह, या साऱ्यांत पुढील कथेचीं बीजें असतात.

दुसरी युक्ति कर्जाची. नायकांनीं जहाज हप्त्यानें घेतलें, तर मूळ किंमतीचा 240 वा भाग दरमहा, असे 480 महिने भरावयाचे. म्हणजे चाळीस वर्षांत दुप्पट पैका! सूत्रधारानें कोणास कोठें ढकलावयास नको. महिना भरत आला कीं नायक आपण होऊन काम शोधावयास निघतात.

तिसरी गोष्ट वार्तेची. जहाजाची एक उडी, लांब असो वा आंखूड, सुमारें एक आठवडा घेते आणि उत्तमोत्तम जहाजही एका उडींत सहा पार्सेकांपलीकडे जात नाहीं. (एक पार्सेक म्हणजे सुमारें 3.26 प्रकाशवर्षें.) जहाजाहून जलद असा तारायंत्रासारखा संदेश तेथें नाहीं. तीस पार्सेकांवर युद्ध पेटलें, तर ती वार्ता यावयास निदान पांच आठवडे लागतात. नायक मधल्या काळांत अज्ञानानें जें करतात, त्यांतूनच पुढचे पेंच निर्माण होतात.

आतां आपल्या शास्त्राकडे वळूं. नाट्यशास्त्रकारांनीं कथावस्तूचीं पांच साधनें सांगितलीं आहेत: बीज, बिंदु, पताका, प्रकरी आणि कार्य. बीज प्रथम लहान दिसतें व मग विस्तारतें. मध्येंच कथा तुटल्यासारखी झाली असतां जो तिला पुन्हा जोडतो तो बिंदु. पाण्यावर तेलाचा थेंब पसरावा तसा तो पसरतो. दूरवर साथ देणारें उपकथानक ती पताका, उदाहरणार्थ रामकथेंतील सुग्रीवाचें. आणि अल्पकाळ येऊन जाणारा प्रसंग ती प्रकरी, जसा शबरीचा. दर रविवारीं एक प्रकरी पुरी व्हावी, पताका चार-सहा महिने चालावी आणि प्रत्येक बैठकींत निदान एक बिंदु पडावा, एवढें पथ्य पाळलें तरी वर्षाची कथा विस्कळीत होत नाहीं.

परंतु योजना मोडली तर? याचें उत्तर दूरचित्रवाणीवरील एका अंतराळकथेनें दिलें आहे. ‘बॅबिलॉन 5’ ही मालिका जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की यांनीं आरंभापासून पांच वर्षांची एक सलग कथा म्हणून योजिली आणि ती 1994 ते 1998 पर्यंत चालली. कोणताही नट सोडून गेला तरी कथा अडूं नये, म्हणून प्रत्येक पात्रासाठीं त्यांनीं एकेक चोरवाट राखून ठेविली होती. पहिल्या वर्षानंतर मुख्य नायक सिंक्लेअर यास जावें लागलें, शेरिडन नांवाचा नवा नायक आला. तरीही कथा आपल्या ठिकाणीं पोहोंचली आणि तिसऱ्या वर्षीं सिंक्लेअर परत येऊन त्याचें सूत्रही पुरें झालें.

यावरून सूत्रधारानें वहींत काय लिहावें तें ठरतें. प्रसंग लिहूं नयेत, हेतु लिहावेत. सीमेवरच्या सुभेदारास काय हवें आहे, प्रतिपक्षाच्या हेराला काय हवें आहे, आणि नायकांनीं कांहींच केलें नाहीं तर तीन महिन्यांनीं काय होईल, एवढें टिपून ठेवावें. नायकांनीं हस्तक्षेप केला कीं तें टिपण खोडून नवें लिहावें. गुपित उघडावयास एकच किल्ली ठेवूं नये. तीन ठेवाव्या, म्हणजे दोन हुकल्या तरी कथा थांबत नाहीं. आणि बैठक संपल्यावर, आज कोणाच्या कोणत्या कृत्यानें जगांत काय पालटलें, याची एक ओळ अवश्य लिहावी. ज्या नांवापुढें लागोपाठ दोन-तीन आठवडे कांहींच लिहितां येत नाहीं, तो खेळणारा लवकरच निघून जाणार असें समजावें.

शास्त्रकारांचा आणखी एक विचार येथें ध्यानीं घेण्याजोगा आहे. फलावर ज्याचें स्वामित्व तो अधिकारी, आणि त्याची जी कथा ती आधिकारिक, अशी त्यांची व्यवस्था आहे. हें स्वामित्व नायकाचें; सूत्रधार नांदी आटोपून रंगमंच मोकळा करतो. या खेळांतले नायक म्हणजे समोर बसलेलीं भावंडें होत. म्हणून बीज सूत्रधारानें पेरावें, बिंदूची काळजी त्यानें वाहावी. पण फल कोणतें आणि तें कोणी घ्यावें, हें त्यांच्यावर सोडावें. जो वडील भाऊ खेळांत हें शिकतो, तो पुढें घरचा कर्ता झाल्यावर धाकट्यांच्या आयुष्याचा आराखडा करतांना त्यांत खोडण्यापुरती जागा ठेवील, असा आम्हांस भरंवसा वाटतो.