शेताचा पत्ता सांगता येईल काय?



हैदराबादहून निघालेला भाविक मोबाईलमधला नकाशा पाहत पाहत, वाटेत एकालाही रस्ता न विचारता, शिर्डीला मंदिराजवळ येऊन उतरतो. पण त्याच शिर्डीच्या आसपास, साकुरीच्या, रुईच्या किंवा अस्तगावच्या शिवारात एखादी वस्ती गाठायची म्हटली की काय होते ते तुम्ही जाणताच. "चारीच्या कडेने सरळ या, मोठी बाभूळ लागली की उजवीकडे वळा, पुढे कोणालाही विचारा." रात्री दोन वाजता विचारायचे कोणाला? आणि ती बाभूळ तर कधीच तोडून विकलेली असते; पत्त्यात मात्र ती अजून उभी असते.

गावठाणातल्या घराला नंबर असतो, आळीला नाव असते. मळ्यातल्या वस्तीला गट नंबर तेवढा असतो. तो तलाठ्याला (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे) कळतो, १०८ च्या गाडीवरील ड्रायव्हरला कळत नाही. साप चावला, बाळंतीण अडली, तर गाडी फाट्यावर उभी आणि घरचा माणूस बॅटरी घेऊन अंधारात धावतो आहे, असे व्हायला नको. म्हणून आज संध्याकाळी मोटार बंद करायला जाल तेव्हा एक काम उरकून घ्या.

मोबाईलमधले लोकेशन सुरू करा आणि गूगल मॅप उघडा. पत्र्याच्या शेडखाली किंवा आंब्याच्या दाट सावलीत उभे राहू नका. वस्तीच्या अंगणात, उघड्या आभाळाखाली उभे राहा. मोबाईल आपली जागा आकाशातल्या उपग्रहांवरून ठरवतो, त्याला आभाळ दिसले पाहिजे. नकाशावर निळा ठिपका दिसेल, त्याभोवती फिकट निळे रिंगण असेल. रिंगण मोठे असेल तर फोनला अजून नक्की कळलेले नाही, असे समजा. मिनिट-दोन मिनिटे थांबा, रिंगण आखडेल. मग त्या ठिपक्यावर बोट दाबून धरा. लाल खूण उमटेल. ती साठवा आणि तिला नाव द्या: 'वस्ती', 'वरचा मळा', 'पेरूची बाग', जे घरात बोलले जाते तेच. ही खूण नकाशातूनच व्हॉट्सअ‍ॅपवर कोणालाही पाठवता येते.

एवढ्यावर थांबलात तर मात्र काम अर्धेच झाले. नकाशाला डांबरी रस्ता माहीत असतो, आपली पाणंद आणि बांधावरची वाट त्याला बहुधा ठाऊक नसते. तो गाडीला शेताच्या जवळात जवळ असेल त्या रस्त्यावर आणून सोडतो, आणि ती जागा नेमकी चारीच्या पलीकडे निघते! वस्ती समोर दिसते, पण पूल तिकडे अर्धा कोस मागे. उसाचा ट्रक असा एकदा चुकीच्या वाटेला शिरला की त्याला मागे घेता घेता मुकादमाचा आणि तुमचा दोघांचाही दिवस जातो. म्हणून दुसरी खूण फाट्यावर उभे राहून करा, जिथून गाडी आत वळते तिथे. पाहुण्याला आधी फाट्याची खूण पाठवा, मग वस्तीची. माझ्या मते या दोघींत फाट्याची खूण जास्त मोलाची.

व्हॉट्सअ‍ॅपवर 'करंट लोकेशन' पाठवायची सवय पुष्कळांना आहे. ती तुम्ही या क्षणी जिथे आहात तिथली जागा पाठवते. राहात्याच्या बाजारात उभे राहून पाठवलीत तर टोळी बाजारात येईल, उसात नाही.

आता आकड्यांचे थोडे. खुणेवर बोट ठेवले की दोन आकडे दिसतात, अक्षांश आणि रेखांश. शिर्डीच्या आसपास पहिला १९.७ च्या आणि दुसरा ७४.४ च्या आगेमागे असतो. टिंबानंतरचे आकडे आळस करून गाळू नका. दोनच ठेवलेत तर जागा किलोमीटरभर इकडेतिकडे होऊ शकते. चार ठेवलेत तर अकरा मीटरपर्यंत खात्री, पाच ठेवलेत तर जवळजवळ एक मीटर. हे आकडे साध्या फोनवरूनही तोंडी सांगता येतात, ऐकणारा ते आपल्या नकाशात घालून वाट काढतो. नेट नसले तरी मोबाईल स्वतःची जागा ओळखतो. मात्र नकाशाचे चित्र दिसायला हवे असेल तर आपल्या तालुक्याचा नकाशा गावात नेट असताना आधी उतरवून ठेवा.

सरकारी कामातही हीच विद्या आली आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पिकाची नोंद आपली आपण करायची पद्धत आली. पिकाचा फोटो घेताना तुम्ही त्या गटापाशी आहात की नाही हे मोबाईलवरून तपासले जाते. घरच्या ओट्यावर बसून ते काम होत नाही. २०२३ च्या खरिपातील कापूस-सोयाबीनसाठी सरकारने अर्थसाहाय्य दिले, तेव्हा या नोंदीचा आधार धरला गेला आणि ज्यांनी नोंद केली नव्हती त्यांची धावपळ उडाली. तेव्हा पेरणी झाली की मुदतीची वाट न पाहता बांधावर जाऊन फोटो काढून टाका.

इथवर सगळे गोड. आता कडू बोलतो. हा मोबाईल घेऊन शेजाऱ्याच्या बांधावर जाऊ नका!

हल्ली शेताभोवती फिरून क्षेत्र मोजणारी अ‍ॅपे निघाली आहेत. औषध किती लागेल, ठिबकची नळी किती आणायची, याचा अंदाज बांधायला ती चांगली. पण साध्या मोबाईलची जागा उघड्या रानातसुद्धा पंधरा-एक फूट इकडेतिकडे होते. पूर्वी तर याहून वाईट होते. मे २००० पर्यंत अमेरिका सामान्यांसाठीचे संकेत मुद्दाम बिघडवून ठेवी आणि चूक शंभर मीटरपर्यंत जाई. आजचे पंधरा फूट त्यामानाने किरकोळ वाटतील, पण हिशेब करून पाहा. एक एकराचे रान, लांबी ३३० फूट, रुंदी १३२ फूट. लांबीचा बांध पंधरा फुटांनी सरकला की ४,९५० चौरस फूट जमीन इकडची तिकडे गेली. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, म्हणजे साडेचार गुंठे! साडेचार हातांसाठी कोर्टाची पायरी चढणारी माणसे आपण. महाभूनकाशाच्या संकेतस्थळावर आपल्या गटाचा आकार दिसतो, तो जरूर पाहा. पण तो उपग्रहाच्या फोटोवर ठेवून "तुझा बांध माझ्यात आला" असे म्हणू नका, कारण जुन्या मोजणीचे नकाशे फोटोवर तंतोतंत बसतातच असे नाही. हद्दीचा संशय असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करा. त्यांच्याकडे आता रोव्हर यंत्र आहे, ते सेंटिमीटरच्या हिशेबात बोलते. आणि मोजणीची नोटीस शेजाऱ्यालाही जाते, ही गोष्ट यंत्राइतकीच महत्त्वाची.

जाता जाता घरातल्या बायामाणसांसाठी. मोबाईल बहुधा घरधन्याच्या खिशात असतो आणि तो खिसा बाजाराला गेलेला असतो. तेव्हा वस्तीच्या आणि फाट्याच्या खुणा सूनबाईच्या आणि शाळेत जाणाऱ्या पोरांच्या फोनवरही पाठवून ठेवा. आणि ते आकडे, टिंबानंतरचे पाचही, स्वयंपाकघरात कॅलेंडर टांगतो त्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. खाली १०८ लिहा.