सही न करणारा छत्रपती

१/ ‘वारस नसल्यामुळे सातारा खालसा झाले’ हे वाक्य आपण परीक्षेसाठी पाठ करतो. ते अर्धसत्य आहे, आणि असे अर्धसत्य जेत्याच्याच सोयीचे असते.

२/ १८१९ च्या तहाने कंपनीने प्रतापसिंह महाराज व त्यांच्या वारसांचे राज्य मान्य केले. महाराजांनी विद्या, रस्ते, साताऱ्याचा पाणीपुरवठा यांत लक्ष घातले. त्यांना ‘कंपनीचे बाहुले’ म्हणणाऱ्यांनी १८३९ साल वाचावे.

३/ गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान, शिपायांना फितवणे असे आरोप झाले. गव्हर्नर कार्नाकने तोडगा सुचवला: कबुलीवजा कागदावर सही करा, गादी राखा. महाराजांनी नकार दिला. उघड चौकशीविनाच त्यांना पदच्युत करून काशीस धाडले. १८४७ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला.

४/ रंगो बापूजी गुप्ते यांनी त्यांच्यासाठी लंडनमध्ये दशकाहून अधिक काळ दाद मागितली. ती मिळाली नाही.

५/ गादीवर बसवलेले धाकटे बंधू अप्पासाहेब १८४८ मध्ये वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. डलहौसीने तो नामंजूर केला. वारस नव्हता असे नव्हे, तो मानला गेला नाही.

६/ त्याच दशकात फ्रान्सचा उमराव राजकारणी तोकव्हिल, लोकशाहीचा थोर भाष्यकार, अल्जीरिया जिंकण्याचे समर्थन करत होता. युरोपचे स्वातंत्र्य युरोपापुरतेच होते.

७/ भूसंपादनाच्या कागदांवर वसलेल्या उलव्यात सहीचे मोल निराळे सांगायला नको. म्हणून सातारा खालसा ‘झाले’ असे लिहू नका. ‘केले’ असे लिहा.