घरच्या समुद्राचा सूर्य

मंगळाचे पोवळे आमच्या समाजाला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. पत्रिकेत मंगळ उग्र निघाला की जोशीबुवा सांगतात, घरातील वडीलधारी मंडळी माना डोलावतात आणि सोनाराकडून पोवळ्याची अंगठी घडवून घेतली जाते. आपण ज्याला रत्न म्हणतो तो एका सजीवाचा सांगाडा आहे, हे मात्र ती अंगठी बोटात घालणाऱ्याच्या मनात क्वचितच येते. शतकानुशतके समुद्राच्या शेजाराने राहिलेल्या आमच्या किनारपट्टीवरही प्रवाळाची ओळख अशी खड्यापुरतीच राहावी, हे आश्चर्य नव्हे काय?

आता हे प्रवाळ जिवंत अवस्थेत दिवाणखान्यात येऊ लागले आहे. गोड्या पाण्यातल्या सोनेरी माशांची काचपेटी ही हौस जुनी झाली. खाऱ्या पाण्याची पेटी, तीत रंगीबेरंगी प्रवाळ आणि वर निळाजांभळा प्रकाश पाडणारा एलईडी दिवा, ही नवी हौस आहे. कोणाच्या हौसेला नाक मुरडण्याचा आमचा स्वभाव नाही. तथापि ही हौस एका मुक्या जीवाच्या जिवावर चालते, आणि त्या जीवाचे मरणे वा जगणे बव्हंशी डोक्यावरच्या दिव्यावर अवलंबून असते. म्हणूनच या वरकरणी घरगुती वाटणाऱ्या विषयाला आम्ही आज या स्तंभात जागा देत आहो. खाणी, वीज, पाणी असे प्रश्न पुढ्यात असताना श्रीमंतांच्या खेळण्याविषयी का लिहावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, जो समाज घरातल्या दोन फुटी समुद्राशी विवेकाने वागू शकत नाही, तो अंगणापलीकडच्या अथांग समुद्राशी विवेकाने वागेल यावर आमचा विश्वास नाही.

प्रथम हा जीव समजून घेतला पाहिजे. प्रवाळ म्हणजे असंख्य चिमुकल्या प्राण्यांची वसाहत. यांतील बहुतेक खडकबांधणी करणाऱ्या जातींच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. ते प्रकाशावर अन्न तयार करते आणि त्या अन्नाचा फार मोठा वाटा यजमानाला देते. तात्पर्य, माशाच्या पेटीवरचा दिवा ही शोभा आहे. प्रवाळाच्या पेटीवरचा दिवा हे अन्न आहे. शोभेचा दिवा मंद झाला तर पाहणाऱ्याचा विरस होतो, अन्नाचा दिवा मंद झाला तर पोसलेला जीव उपाशी मरतो. एवढा एक भेद ध्यानी घेतला तर खरेदीतल्या निम्म्या चुका टळतील.

या चुका घडतात कशा? गिऱ्हाईक दुकानात जाते आणि दिवा किती वॉटचा आहे हे विचारते. वॉट हे विजेच्या खर्चाचे माप आहे, प्रकाशाचे नव्हे. कोणी अधिक जाणता असला तर ल्युमेन विचारतो. परंतु ल्युमेन हे माणसाच्या डोळ्याला सोयीचे माप आहे. आमच्या डोळ्याला हिरवट पिवळा प्रकाश सर्वांत तेजस्वी भासतो, आणि प्रवाळाला हवा असतो मुख्यत्वे निळा. केल्विनच्या आकड्यावरून प्रकाशाची छटा तेवढी कळते, बळ कळत नाही. प्रवाळाच्या दृष्टीने अर्थपूर्ण माप एकच: प्रकाशसंश्लेषणास उपयोगी पडणारा प्रकाश, ज्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘पार’ म्हणतात. ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचे किती प्रकाशकण एका चौरस मीटरवर दर सेकंदाला पडतात, हे तो आकडा सांगतो. भर दुपारच्या निरभ्र उन्हात तो २००० च्या आसपास जातो. पेटीत मऊ प्रवाळांना सुमारे ५० ते १५०, मोठ्या तोंडाच्या दगडी प्रवाळांपैकी बहुतेकांना १०० ते २०० आणि फांद्याफांद्यांनी वाढणाऱ्या बारीक तोंडाच्या दगडी प्रवाळांना २५० ते ४०० पुरतो, असा अनुभवाचा ढोबळ हिशेब आहे. हा आकडा दिव्याच्या तोंडाशी मोजून भागत नाही. पाण्याखाली, प्रवाळ जिथे बसणार तिथे मोजावा लागतो.

प्रकाशाच्या रंगाचेही तसेच आहे. उष्ण कटिबंधातील निर्मळ समुद्रात तांबडा प्रकाश वरच्या काही मीटरांतच शोषला जातो आणि निळा सर्वांत खोल पोहोचतो. प्रवाळातले शैवाल लक्षावधी वर्षे या निळ्या प्रकाशावर पोसले गेले. म्हणून चांगल्या दिव्यात ४०० ते ५०० नॅनोमीटरच्या जांभळ्या निळ्या पट्ट्याला प्राधान्य असते. पांढरा, हिरवा, तांबडा यांचे काम मुख्यतः पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठी असते. जांभळ्या प्रकाशात काही प्रवाळे हिरवी, नारिंगी चमकतात, ती त्यांच्या अंगच्या विशिष्ट प्रथिनांमुळे. ही चमक मोहक खरी, परंतु चमक हे आरोग्याचे प्रमाणपत्र नव्हे. निळ्या दिव्याखाली रोडावलेले प्रवाळही देखणे दिसते. विकत घेण्यापूर्वी ते पांढऱ्या उजेडात पाहावे, हा आमचा आग्रहाचा सल्ला आहे.

एलईडी दिव्याने या हौसेत क्रांती केली, हे निःसंशय. निळा एलईडी साध्य करणाऱ्या इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि प्रवाळपेटी त्यांच्या त्या शोधावरच उजळली आहे. पूर्वी मेटल हॅलाइडचे दिवे नाहीतर फ्लुरोसंट नळ्या वापरीत. २५० वॉटचे दोन मेटल हॅलाइड दिवे रोज नऊ तास चालले तर महिन्याला १३५ युनिटे वीज खातात; १०० वॉटचे दोन एलईडी तेवढेच तास चालले तर ५४. शिवाय जुन्या दिव्यांची उष्णता थेट पाण्यावर येई. आमच्याकडे वैशाखात खोलीचा पारा सहज तिशी ओलांडतो आणि प्रवाळाला पाणी २५-२६ अंशांच्या आसपास मानवते. पाणी गार ठेवणाऱ्या यंत्रावरचा भार एलईडीने हलका होतो, नाहीसा होत नाही. नळ्यांत पारा असतो आणि त्या वर्षाकाठी बदलाव्या लागतात, तीही कटकट संपली. मात्र खोक्यावर ५०,००० तासांचे आयुष्य छापलेले पाहून कोणी भुलू नये. रोज दहा तासांच्या हिशेबाने ती साडेतेरा वर्षांहून अधिक होतात. परंतु एवढ्या काळात प्रकाश बराच उतरलेला असतो, आणि तत्पूर्वी पंखा किंवा आतले वीजमंडल दगा देण्याचा संभव अधिक. सुटे भाग आणि दुरुस्ती कोठे मिळेल, हे पैसे मोजण्यापूर्वी विचारावे.

याशिवाय दोन गोष्टी दुकानदार आपण होऊन सांगत नाही. एक, प्रकाशाचा फैलाव. एलईडी हा बिंदूतून येणारा प्रकाश असल्यामुळे मधोमध प्रखर ऊन आणि कडेला सावली, अशी अवस्था होते. चार फुटी पेटीवर एक महागडा दिवा लावण्यापेक्षा मध्यम ताकदीचे दोन लावणे केव्हाही शहाणपणाचे. दुसरी, समुद्रकाठची हवा. खारट तुषार आणि पावसाळ्यातली ओल धातूला व वीजजोडण्यांना खाऊन टाकतात. पंख्याची जाळी वरचेवर पुसावी, तार प्लगच्या खालून वळसा घेईल अशी सोडावी म्हणजे ओघळणारे पाणी प्लगमध्ये शिरत नाही. आणि अर्थिंग तसेच गळतीचा प्रवाह तोडणारा स्विच यांच्यावाचून खाऱ्या पाण्यावर वीज नेऊच नये. इन्व्हर्टर असल्यास त्यावर पहिला हक्क पाणी खेळते ठेवणाऱ्या पंपाचा. एक दिवस अंधारात गेला तरी प्रवाळ तग धरते, पाणी थिजून प्राणवायू तुटला की काही तासांत पेटी मरू लागते.

आणि अति तेथे माती, हे प्रकाशालाही लागू आहे. नवा जबरदस्त दिवा आणून पहिल्याच दिवशी पूर्ण जोरात लावला, आणि आठवडाभरात पांढरे फटक प्रवाळ पाहून कपाळावर हात मारला, ही या छंदातली नित्याची कथा आहे. प्रकाश सोसेनासा झाला की शैवालाच्या कार्यात विषारी प्राणवायुजन्य द्रव्ये साचतात आणि प्रवाळ आपल्या अन्नदात्यालाच बाहेर टाकते. सागरात उष्णतेच्या लाटेने नेमके हेच घडते. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली लक्षद्वीपच्या प्रवाळांनी हा आघात सोसला. २०२४ च्या एप्रिलमध्ये तर शास्त्रज्ञांनी चौथ्या जागतिक प्रवाळ-विरंजनाची घोषणा केली. म्हणून नवा दिवा निम्म्याहून कमी जोरावर सुरू करावा, आठवड्यागणिक थोडाथोडा वाढवावा, दिवसाकाठी आठ ते दहा तासांपलीकडे नेऊ नये आणि घड्याळी स्विचच्या स्वाधीन करावा. समुद्रात रात्र होते, ती पेटीतही झाली पाहिजे.

हे सर्व वाचून कोणी म्हणेल की, ही तर नुसती खरेदीची जंत्री झाली. नाही. आमचा मुद्दा क्रमाचा आहे. आमच्याकडे पेटी आधी येते, प्रवाळ मागाहून येते आणि ते कोमेजू लागले की योग्य दिव्याचा शोध सुरू होतो. हे वरातीमागून घोडे आहे. प्रवाळ कोणते ठेवायचे हे आधी ठरावे. त्यावरून पेटीची खोली आणि दिवा ठरावा. दिवा चालवून, मोजून, पाणी स्थिर झाल्यावरच जीव आणावा. अंथरूण पाहून पाय पसरावेत. फांदीच्या प्रवाळाला लागणारा दिवा परवडत नसेल तर मऊ प्रवाळावर संतोष मानावा; तेही झेपत नसेल तर नुसते मासे पाळावेत, त्यांना साधा उजेड पुरतो. त्यात कमीपणा नाही. शेजाऱ्याच्या पेटीहून आपली अधिक झगझगीत व्हावी म्हणून जीव आणून मारण्यात मात्र निश्चित कमीपणा आहे.

कायद्याकडेही कानाडोळा करून चालणार नाही. खडक बांधणाऱ्या सर्व दगडी प्रवाळांना २००१ साली १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. म्हणजे जे संरक्षण वाघाला तेच त्यांना. मुरगावनजीकच्या ग्रांडे बेटाभोवती प्रवाळ आहे. मालवणच्या समुद्राला १९८७ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. विजयदुर्गाच्या पश्चिमेस शंभराहून अधिक किलोमीटरवर कान्होजी आंग्र्यांचे नाव धारण करणारी आंग्रिया बँक पाण्याखाली प्रवाळ सांभाळून आहे. यांतला बोटभर तुकडा जरी कोणी पेटीसाठी खुडला तरी तो गुन्हा आहे. परदेशी दगडी प्रवाळांचा व्यापारही आंतरराष्ट्रीय कराराखाली परवान्यानेच चालतो. विक्रेता कागदपत्रे दाखवीत नसेल तर त्या दुकानाची पायरी उतरावी. शेतीसारखी जोपासना करून वाढविलेले प्रवाळाचे तुकडे मिळतात. कागदपत्रांसह तेच घ्यावेत.

आमच्या सूचना मोजक्या आहेत. दिवे विकणाऱ्यांनी किती उंचीवरून आणि पाण्यात किती खोलीवर किती पार मिळतो, याचा नकाशा गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा; जो देत नाही त्याचा माल घेऊ नये. पार-मापक यंत्र एकट्यादुकट्याला महाग पडते. गावातल्या हौशी मंडळींनी वर्गणी काढून एक घ्यावे आणि आळीपाळीने वापरावे. भजनी मंडळाची पेटी-तबला आम्ही असेच घेत आलो, मग हे का जमू नये? १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोनापावल येथे उभी आहे; तेथील अभ्यासकांनी अधूनमधून सोप्या मराठीत या विषयावर बोलावे, अशी आमची विनंती आहे.

ज्यांच्या घरी अशी पेटी आहे त्यांनी आज संध्याकाळी एवढेच करावे. निळा प्रकाश क्षणभर मालवून पांढऱ्या उजेडात आपले प्रवाळ नीट न्याहाळावे. ते फुललेले आहे की आक्रसलेले, रंग भरलेला आहे की उतरलेला, हे डोळे उघडे ठेवणाऱ्याला सहज दिसते. दिव्याखाली अंधार आढळला तर नवे प्रवाळ आणण्याचा बेत रहित करावा आणि आहे ते जगविण्याच्या खटपटीला लागावे. जगविण्याची ऐपत आणि चिकाटी असेल त्यानेच हा समुद्र घरात आणावा. इतरांसाठी खरा समुद्र दाराशी आहे, आणि तो पाहायला पैसे पडत नाहीत.