आधी भागाकार, मग क्रिस्टल

घरी बसून झेड-८० नाहीतर ६५०२ चा संगणक जोडणाऱ्या आमच्या जमातीला चिकाटी कमी नाही. चाळीस पायांच्या आयसी, वायरींचा गुंता, अ‍ॅड्रेस डीकोडिंग, रात्री दोन वाजता सापडलेला शॉर्ट, सगळं ही माणसं हसत निभावतात. फक्त साधा भागाकार समोर आला की हातपाय गाळतात. सिरियल पोर्टच्या क्लॉकची जी दुर्दशा मी पाहत आलोय, तिचं मूळ एवढंच आहे.

मागणी तरी काय असते? ६८५० असो वा ८२५१, या चिपांना क्लॉक बाहेरून द्यावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा बॉड रेटच्या सोळापट. रिसीव्हर स्टार्ट बिटची उतरती कड पकडतो, आठ ठोके मोजून बिटच्या मध्यावर येतो, आणि तिथून दर सोळा ठोक्यांनी पुढच्या बिटमध्ये डोकावतो. नवा स्टार्ट बिट आला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून चूक साचत जात नाही. दहा बिटांची एक फ्रेम निभावली की झालं. स्टॉप बिट वाचला जातो साडेनऊ बिटांच्या अंतरावर, आणि तोवर अर्ध्या बिटाहून कमी घसरायचं असतं. म्हणजे दोन्ही टोकं मिळून साधारण साडेचार टक्क्यांची सूट. एवढी मोकळीक असूनही लोक नापास होतात!

९६०० बॉडसाठी सोळापट म्हणजे १,५३,६०० हर्ट्झ. १.८४३२ मेगाहर्ट्झला १२ ने भागा, २.४५७६ ला १६ ने, ७.३७२८ ला ४८ ने. उत्तर तेच आणि बाकी शून्य. हे आकडे कोणी लहरीने ठरवलेले नाहीत. १९८१ च्या आयबीएम पीसीत ८२५० ला १.८४३२ चाच क्रिस्टल होता. पण पुण्यात पासोड्या विठोबापाशी किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हा क्रिस्टल मागून बघा. "चारचा देऊ का? सगळे तोच नेतात," असं उत्तर येतं, आणि आमचा गडी चारचा खिशात घालून घरी येतो. गोल आकडा, झेड-८०ए ची कमाल गतीही तीच, आणखी काय हवं!

चार मेगाहर्ट्झचा मी वैरी नाही, हे आधी सांगतो, कारण त्याला पाप समजणारे सोवळे लोकही आमच्यात आहेत. चारला २६ ने भागलं की ९६१५ बॉड मिळतो. चूक ०.१६ टक्के, कुणाला कळणारही नाही. ७४१६१ काउंटरमध्ये ३ भरा, कॅरी उलटवून लोडच्या पायाला द्या. तो ३ ते १५ मोजतो, म्हणजे १३ ने भागतो. पुढे एक फ्लिपफ्लॉप जोडून अर्धं करा, म्हणजे काउंटरचा सुईएवढा पल्स न जाता नीट चौकोनी लहर जाते. दोन आयसी आणि एक इन्व्हर्टर, संपलं काम. १९,२०० सुद्धा असंच जमतं. पण त्याच चारवर कोणी ३८,४०० मागायला लागला की भागाकार येतो ६.५१. सहा घेतले तर साडेआठ टक्के वर, सात घेतले तर सात टक्के खाली. इथे सोल्डरिंग चांगलं असून काही उपयोग नाही. तरी हे लोक आठवडाभर मॅक्स२३२ बदलत बसतात, केबल बदलतात, कॅपॅसिटर बदलतात. बदलत नाहीत तो फक्त क्रिस्टल.

याची बीजं आपल्या कॉलेजांत आहेत. डिप्लोमा असो की इंजिनिअरिंग, ८०५१ च्या व्हायव्हात एक प्रश्न ठरलेला: ११.०५९२ चाच क्रिस्टल का? उत्तरही ठरलेलं: "सर, स्टँडर्ड बॉड रेट मिळतो म्हणून." सर मान डोलावतात, पुढचा रोल नंबर. कसा मिळतो, हे विचारायचं नाही, कारण मग सरांनाही मांडून दाखवावं लागेल. मांडायचं तरी किती? ११.०५९२ ला १२ ने भागा, मग ३२ ने: २८,८००. त्याला ३ ने: ९६००. टायमर-१ मध्ये जे हेक्स एफडी भरतात, ते २५६ वजा हेच तीन. जर्नलमध्ये एफडी शंभर वेळा लिहिलेलं असतं, तीन एकदाही नसतं.

आता त्याच बोर्डावर १२ चा क्रिस्टल लावा आणि एफडी तसंच ठेवा. बॉड होतो १०,४१७, पुन्हा तेच साडेआठ टक्के. कॅपिटल 'ए' पाठवा, हेक्समध्ये ४१. ९६०० वर ऐकणारा रिसीव्हर पहिले पाच डेटा बिट बरोबर उचलतो. सहाव्यापर्यंत पाठवणारा इतका पुढे गेलेला असतो की सहाव्याच्या जागी सातवा सापडतो, सातव्याच्या जागी आठवा, आणि आठव्याच्या जागी चक्क स्टॉप बिट. हाती येतं ए१. आणि गंमत अशी, की अक्षर एकटंच पाठवलं असेल तर फ्रेमिंग एररसुद्धा उठत नाही, कारण स्टॉप बिटच्या वेळी लाइन निवांत वरच असते. चिप म्हणते सगळं आलबेल. पडद्यावरच्या या कचऱ्याला 'नॉइज' म्हणणारे महाभाग मला भेटलेले आहेत. नॉइज रोज त्याच 'ए' चा तोच ए१ करत नाही हो!

याच मंडळींपैकी काही जण मग अचूकतेच्या मागे लागतात आणि तापमान सांभाळणारा महागडा ऑसिलेटर मागवतात. साध्या क्रिस्टलची चूक ५० पीपीएम धरली तरी ती होते ०.००५ टक्के. भागाकारात साडेआठ टक्के घालवायचे आणि दुकानात पीपीएमची घासाघीस करायची!

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते दुसऱ्या पंथाने. हे म्हणतात, क्रिस्टल-काउंटर कशाला, एक पिको लावू. झेड-८० एका वेळी ६४ केबी पलीकडे पाहू शकत नाही. पिकोवरच्या आरपी२०४० मध्ये २६४ केबी रॅम आणि दोन कोअर आहेत. म्हणजे संगणकाच्या चौपट स्मृती असलेला दुसरा संगणक, आणि त्याचं काम काय, तर एका वायरीवर शून्य-एक करणं. मग झेड-८० कशाला ठेवलाय, शोभेला? आर्डुइनोवाल्यांची कथा याहून रंगतदार. १६ मेगाहर्ट्झच्या एटीमेगा३२८ चा स्वतःचा १,१५,२०० बॉड, दुप्पट वेगाचा मोड लावूनही, २.१ टक्के चुकतो. डेटाशीटमध्ये तसं छापलेलं आहे. ज्याचा स्वतःचा क्रिस्टल गोल आकड्याच्या हौसेपायी निवडलेला, त्याला आणून दुसऱ्याचा क्लॉकगुरू नेमायचं.

सोवळ्या पंथाला बॉड रेटचा क्लॉक देणारी एमसी१४४११ च हवी असते, कारण सत्तरच्या दशकातल्या बोर्डांवर ती होती. चिप झकास होती, वादच नाही. पण आज घासून नवं नाव छापलेले नग चढ्या दराने घ्यायचे, आणि २.४५७६ चा क्रिस्टल व एक ७४एचसी४०६० हे काम रुपयांत करतात ते मात्र 'अस्सल' नाही म्हणायचं, ही भक्ती माझ्या पचनी पडत नाही. ४०६० चा चौथा टप्पा ९६०० ला पुरतो, पाचवा ४८०० ला, पुढचे त्याखाली.

क्रिस्टलऐवजी ५५५ टायमर लावणाऱ्यांवर थोडक्यात बोलतो. ११० बॉडच्या टेलिटाइपला १,७६० हर्ट्झ लागायचे, म्हणजे ४४० च्या पट्टीतली पेटीवरची पांढरी सहा, दोन सप्तकं वर. कान तयार असेल तर पोटेन्शिओमीटर फिरवून सुरात लावता येईल. मे महिन्यात कॅपॅसिटर तापला की पुन्हा लावा.

ज्यांनी हिशेब केला, त्यांची कामं बघा. इंटेलच्या एसडीके-८५ वर ६.१४४ चा क्रिस्टल आहे. ८०८५ त्याचा अर्धा करतो, ३.०७२, त्याला २० ने भागा, १,५३,६०० तयार. ८२५३ या टायमर चिपला दोन मेगाहर्ट्झहून जास्त झेपत नाही, म्हणून आधी अर्धं करून मग तिच्यात १० भरा. आपल्या लॅबमधल्या ८०८५ च्या किटवरही बहुधा हाच आकडा दिसेल, धूळ पुसली तर. आरसी२०१४ मध्ये झेड-८० चा क्लॉकच ७.३७२८ ठेवलाय, ६८५० तोच घेतो, ६४ ने भागतो, १,१५,२०० बिनचूक. एका क्रिस्टलवर सगळा संसार, कारण आधी सिरियलची सोय पाहिली आणि सीपीयूला तिच्याशी जुळवून घ्यायला लावलं. मीही याच क्रमाचा आग्रह धरतो, आणि "पण चारचा घरात पडलाय" हे उत्तर दरवेळी ऐकून घेतो.

पेपर काढणाऱ्यांना एक प्रश्न फुकट देतो. ऑसिलेटर १० मेगाहर्ट्झचा, यूएआरटी सोळापटीचा; ९६०० जमेल का, १,१५,२०० जमेल का, कारणासह लिहा. ९६०० ला ६५ ने भाग, चूक ०.१६ टक्के, जमतं. १,१५,२०० ला येतात ५.४३, पाच घेतले की साडेआठ टक्के, जमत नाही. चार ओळी, चार मार्क. यात पाठ करण्याजोगं काही नाही, त्यामुळे गाइडवाल्यांची पंचाईत होईल. त्याला माझा इलाज नाही.